भरिताचं वांगं: कलमी रोप की बियांचं?

तापीकाठच्या काळ्या, चुनखडीच्या रानात स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण चुन्याशी बांधला गेल्याने पिकाला लागत नाही. अशा जागी फरक पडतो तो मुळांनी.

बियांचं रोपही हातावर हात धरून बसत नाही. स्फुरद कमी पडला की ते बारीक केसमुळं वाढवतं, मुळांतून सेंद्रिय आम्लं सोडून बांधलेला स्फुरद मोकळा करतं. नत्र कमी असेल तर पाल्यापेक्षा मुळांवर जोर देतं. मात्र भरिताच्या वाणाची निवड फळ पाहून झाली, मुळं पाहून नव्हे.

कलमी रोपात शेंडा भरिताचाच, खुंट म्हणजे खालचा मुळांचा भाग रानवांग्याचा. त्याच्या मुळांचं जाळं दांडगं, जास्त माती धुंडाळणारं. शिवाय जिवाणूजन्य मर रोगाला सहसा दाद न देणारं. पण जमिनीत जे नाहीच, ते मूळ कुठून आणणार? शेणखत सुटत नाही. रोपही महाग पडतं. लावताना शेंडा-खुंटाचा जोड मातीच्या वरच ठेवा. गाडला गेला तर शेंड्याला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा पैसा वाया जातो. खुंटाचे फुटवेही वेळेवर खुडा.

मर लागलेल्या, कस उतरलेल्या रानात मी कलमीच लावीन. निरोगी, शेणखत घातलेल्या रानात घरच्या बियांचं रोप पुरेसं आहे.