दारणेच्या फुगवट्यावर फ्लोट ट्यूब: दोन हंगामांच्या वापरानंतरचे परीक्षण

दिवाळी सरते, इगतपुरी तालुक्यातील भाताची कापणी उरकत येते आणि पहाटे पाण्यावर धुके उतरू लागते, तेव्हा दारणा धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकण्याचे खरे दिवस सुरू होतात. पावसाळ्यात आलेला गढूळपणा तोवर खाली बसलेला असतो, धरणात भरपूर पाणी असते आणि रब्बीचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचे कालव्याचे पाणी, सुटेपर्यंत पातळीही फारशी हलत नाही. गेले दोन हंगाम हे दिवस मी काठावर उभे राहून नव्हे, तर फ्लोट ट्यूबमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या एकट्याच्या तरंगत्या आसनात, बसून पाण्यावर घालवले. नाशिकमधून अशी ट्यूब मागवण्याच्या विचारात असलेल्यांना पैसे मोजण्यापूर्वी तिचे गुणदोष नीट कळावेत, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

माझी ट्यूब यू आकाराची आहे. दोन्ही बाजूंना दोन मोठ्या हवापिशव्या, पाठीमागे टेकायला तिसरी लहान पिशवी, मध्ये बसायला फोमचे आसन आणि सगळ्यावर जाड नायलॉनचे आवरण अशी तिची रचना असते. माणूस आसनावर बसतो, पाय पाण्यात सोडतो आणि पायांत घातलेल्या पोहण्याच्या फिन्सनी पाणी ढकलत पाठमोरा सरकतो. हात पूर्ण मोकळे राहतात, आणि वल्हे मारावी लागणाऱ्या कोणत्याही होडीपेक्षा तिचा हा सर्वांत मोठा फायदा आहे. मांडीवर जाळीचा एक पट्टा ताणलेला असतो. ओढून घेतलेली गळाची दोरी पाण्यात न पडता त्यावर साठते, आणि मासा मोजण्यासाठी त्याच पट्ट्यावर इंचांच्या खुणाही छापलेल्या असतात.

या साधनाची वाढ मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिमेकडील तलावांवर, ट्राउटच्या शिकारीसाठी झाली. तिकडे शरद ऋतूच्या अखेरीस तलावाचे वरचे पाणी थंड होऊन जड होते आणि खाली जाते, थर मिसळतात, तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो आणि उन्हाळाभर खोलवर दडलेले ट्राउट उथळ काठाकडे चरायला येतात. अशा वेळी फ्लोट ट्यूबमधून बुडती दोरी सोडून, जळवेसारखी दिसणारी पिसांची कृत्रिम माशी अगदी संथपणे ओढत राहायची, ही तिकडची रुळलेली पद्धत आहे. आपल्याकडे ट्राउट काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीच्या थंड पाण्यात सापडतो. पाणी 20 अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो, त्यामुळे दारणेत त्याची आशा धरण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस सकाळी सात वाजता माझ्या तापमापकाने पाण्याचे तापमान 23 अंश दाखवले होते. मात्र ती संथ ओढण्याची पद्धत इथल्या चिलापीला आणि मरळीलाही जशीच्या तशी लागू पडते, आणि ट्यूब घेतल्याचे समाधान मला तिथेच मिळाले.

चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा, 1952 साली भारतात आणला गेला आणि आता आपल्या बहुतेक धरणांत त्याने बस्तान बसवले आहे. नर तळाच्या चिखलात ताटलीसारखे गोल खड्डे करून ठेवतात. उन्हाळ्यात पातळी उतरली की काठच्या गाळावर हे खड्डे ओळीने उघडे पडतात. मी ते मे महिन्यात पाहून जागा लक्षात ठेवल्या आणि कार्तिकात, तिथे आठ-दहा फूट पाणी असताना, ट्यूब त्यांच्यावरून नेली. चिलापी गळ जोरात ओढत नाही. दोरी सरळ रेषेत येत असताना एकदम थोडी जड होते, जणू पाण्याखालच्या गवतात अडकली आहे, आणि बोटाखाली दोन बारीक ठोके जाणवतात. काठावर उभे असताना हे ठोके माझ्या हातापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते, कारण काठावरून दोरीला बाक येतो आणि वारा तिला डोलवतो. ट्यूबमधून दोरी जवळपास सरळ खाली जाते, त्यामुळे माशाने तोंड लावताच हाताला कळते. मरळीच्या बाबतीत फायदा वेगळा आहे. मरळ हवेतला श्वास घेण्यासाठी मधूनमधून वर येते, आणि माणूस पाण्यात निश्चल बसलेला असेल, तर ती वीस फुटांवर वर येऊन परत जाते, बिथरत नाही. लव्हाळ्याच्या कडेला तिचे डोके वर येताना आणि पाण्यावर एक लहानसे वलय उठताना पाहिले, त्या सकाळी एकही मासा गळाला लागला नव्हता, तरी ती माझी सर्वांत चांगली सकाळ होती.

फुगवट्यावर जाळी लावणारे स्थानिक मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून काम करतात. त्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी मला विचारले, "भाऊ, आमच्या ट्यूबपेक्षा ह्याच्यात वेगळं ते काय?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण परदेशातही फ्लोट ट्यूबची सुरुवात ट्रकच्या ट्यूबवरूनच झाली. मुख्य फरक दोन आहेत. पहिला फरक आकाराचा: गोल ट्यूबमध्ये माणूस कमरेइतका अडकतो आणि अडचणीच्या वेळी पटकन बाहेर पडता येत नाही, तर यू आकाराची समोरची बाजू मोकळी असल्याने पुढच्या बाजूने सहज उतरता येते. दुसरा फरक आसनाच्या उंचीचा. माझ्या ट्यूबचे आसन पाण्याच्या पातळीपेक्षा थोडे वर आहे, त्यामुळे मांड्या कोरड्या राहतात आणि दोरी फेकताना हात पाण्याला लागत नाही. आसन जितके खाली, तितकी थंडी जास्त आणि फेक तितकी आखूड. नवी ट्यूब घेताना इतर कोणत्याही वैशिष्ट्यापेक्षा आधी आसनाची उंची विचारावी, असे माझे ठाम मत आहे.

आता दोषांकडे. पहिल्या हंगामातील तिसऱ्याच फेरीत, काठापासून सुमारे दोनशे मीटरवर असताना, उजव्या मांडीजवळ बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येताना दिसली. झडप नीट होती. पिशवीचा जोड शिवणीपाशी उसवला होता. उजवी बाजू हळूहळू मऊ पडत गेली आणि मी डावीकडे झुकून, शक्य तितक्या संथपणे पाय मारत काठ गाठला. दोन्ही पिशव्या स्वतंत्र नसत्या, तर हा प्रसंग वेगळाच झाला असता. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तेव्हा तीन आठवड्यांनी ठिगळाचा एक संच आला, पण नवी पिशवी मिळाली नाही. 26,000 रुपये घेतलेल्या मालाबाबत ही सेवा मला अत्यंत असमाधानकारक वाटली. पुढे पंक्चर काढणाऱ्या एका कारागिराने पीव्हीसीच्या गोंदाने तो जोड इतका पक्का केला, की दुसऱ्या पूर्ण हंगामात तिथून हवा गेली नाही.

हवा भरण्याचे एक तंत्र कोणत्याही माहितीपत्रकात मला नीट सापडले नाही, म्हणून इथे नोंदवतो. पहाटेच्या गारव्यात ट्यूब टणक होईपर्यंत भरली आणि नंतर ती उन्हात काठावर ठेवली, तर आतली हवा प्रसरण पावून शिवणींवर ताण येतो. उलट दुपारच्या उन्हात घरी भरून आणलेली ट्यूब पाण्याच्या गारव्याने मऊ पडते आणि आसन खाली जाते. त्यामुळे मी आधी अर्धीच हवा भरतो, ट्यूब दहा मिनिटे पाण्यावर ठेवतो आणि मगच हातपंपाने उरलेली हवा भरतो.

वाऱ्याबाबत ही ट्यूब फार दुबळी आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवे. सकाळी साडेनऊ-दहानंतर मोकळ्या पाण्यावर पूर्वेचा वारा धरला, की पायांनी कितीही जोर लावला तरी ती जागची फारशी हलत नाही. म्हणून मी सुरुवातीलाच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जातो, म्हणजे परतताना वारा साथ देतो. आवर्तन सुरू असताना भिंतीच्या आणि दरवाज्यांच्या बाजूला मुळीच जात नाही. फिन्स घातल्यावर काठावरून पाण्यात उलट्या पावलांनीच उतरावे, अन्यथा चिखलात फिनचे टोक रुतून माणूस तोंडावर पडतो. वेडर, म्हणजे छातीपर्यंत येणारा जलरोधक पोशाख, घालत असाल, तर कमरेला पट्टा आवळलेला असलाच पाहिजे, आणि जीवरक्षक जॅकेट न घालता या ट्यूबमध्ये एक मिनिटही बसू नये. पोहता न येणाऱ्या माणसाने ती घेऊच नये. बुडालेल्या बाभळींच्या खुंटांपासूनही दूर राहावे, कारण जाड नायलॉन काट्यापुढे टिकत नाही.

परवानगीचा विषय अनेक जण टाळतात. आपल्या धरणांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो, त्यामुळे आधी संबंधित संस्थेशी बोलणे हा निव्वळ शिष्टाचार नाही, तो त्यांच्या पोटापाण्याचा हक्क मान्य करणे आहे. मला त्यांनी जाळ्यांच्या जागा दाखवल्या आणि मी त्या दिशेला जात नाही. नांदूर मध्यमेश्वरला मात्र कोणीही ट्यूब घेऊन जाऊ नये. ते पक्षी अभयारण्य आहे, 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ते जाहीर झाले, आणि स्थलांतरित पक्षी नेमके याच महिन्यांत तिथे उतरतात.

ट्यूबचे वजन सहा किलोच्या आसपास आहे, आणि पाठीवर अडकवायच्या पट्ट्या मजबूत असल्याने गाडीपासून पाण्यापर्यंतची शेतांच्या बांधांवरून जाणारी वाट अवघड वाटत नाही. दोन्ही बाजूंचे खिसे प्रशस्त आहेत, पण त्यांच्या झिप वाळूने अडकतात आणि दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात. हंगाम संपल्यावर ट्यूब दोन दिवस सावलीत वाळवावी, पिशव्या आवरणातून काढून त्यांना टाल्कम पावडर लावावी आणि थोडी हवा ठेवूनच माळ्यावर टांगावी. घडी घालून ठेवलेल्या पिशवीला नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घडीवरच चिरा पडतात. माझ्या पाठीमागच्या लहान पिशवीचे तेच झाले, आणि ती मात्र मला नवीच घ्यावी लागली.