दसऱ्याला उघडलेली दुकानं आणि आमचे ११ लाख

वाघोली, लोहगाव, मांजरी, पुनावळे, किवळे. पुण्याच्या कडेला जिथं जिथं नवीन व्यापारी संकुलं उभी राहताहेत, तिथं गाळा घ्यायला निघालेल्या प्रत्येकानं हे वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेडिकल, दवाखाना, बेकरी, क्लास असा स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांनी तर नक्कीच. खोट्या कागदांनी फसवल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. आम्हाला कागद फारसे दाखवलेच नाहीत. आम्हाला दाखवली ती चालू दुकानं, दिवे, गिऱ्हाइकं आणि उद्घाटनं.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. लग्नाच्या आधीपासून दुसऱ्यांच्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहत आले. स्वतःचं दुकान काढायचं हे माझं आणि माझ्या नवऱ्याचं जुनं ठरलेलं. खराडीत आयटी कंपन्या आल्या तशी नगर रस्त्याला वस्ती वाढत गेली. ३० जून २०२१ रोजी वाघोली इतर २२ गावांबरोबर पुणे महापालिकेत आली, आणि ‘आता इथले भाव थांबत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक एजंटाच्या तोंडी बसलं. आमच्या सोसायटीतून रात्री औषध आणायचं तर थेट केसनंद फाट्यापर्यंत जावं लागायचं. त्यामुळे सोसायटीच्या जवळच, रस्त्याला लागून गाळ्यांची रांग बांधली जाऊ लागली तेव्हा आमचं लक्ष तिकडे गेलं.

२०२२ च्या दसऱ्याला त्या रांगेतली पाच-सहा दुकानं एकाच दिवशी उघडली. मिठाई, ज्यूस, मोबाइल, सलून, लहान मुलांचे कपडे. झेंडूची तोरणं, सनई, फीत कापायला गावातले पुढारी, येणाऱ्या प्रत्येकाला पेढा. संध्याकाळी तिथं गाडी लावायला जागा नव्हती. पहिल्या मजल्याच्या कठड्यावर मोठा फ्लेक्स लागला होता: ‘३० खाटांचं सुसज्ज रुग्णालय लवकरच सुरू होत आहे’. खाली एका डॉक्टरांचं नाव आणि फोटो. विक्री कार्यालयातला माणूस मला म्हणाला, “मॅडम, हॉस्पिटलखालचा मेडिकलचा गाळा एकच आहे. तुमच्याआधी दोघं बघून गेलेत. तुम्ही स्वतः फार्मासिस्ट आहात म्हणून तुमच्यासाठी आठवडाभर थांबवून ठेवतो.”

२१० चौरस फूट, १८,००० रुपये भाव, एकूण ३७ लाख ८० हजार. टोकन, मग ‘बुकिंग’, मग ‘स्लॅबचा हप्ता’ असं करत तीन महिन्यांत आमच्याकडून ११ लाख घेतले. त्यात माझा प्रॉव्हिडंट फंड होता, सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवून काढलेले पैसे होते. बदल्यात मिळालं ते कंपनीच्या लेटरहेडवरचं एक पानी अलॉटमेंट लेटर. करारनामा कधी नोंदवायचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “१ एप्रिलपासून मेट्रोचा एक टक्का सेस लागलाय. तो पाडव्यापर्यंत निघणार आहे. कशाला जास्तीची स्टॅम्प ड्युटी भरता?” २०२० च्या सप्टेंबरपासून मार्च २०२१ पर्यंत सरकारनं मुद्रांक शुल्कात खरोखरच सवलत दिली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं कुणालाही पटण्यासारखं होतं. या फसवणुकीत खोट्याच्या आजूबाजूला नेहमी अर्धं खरं पेरलेलं असतं.

कायदा इथं अगदी सरळ आहे आणि तो तुम्हाला पाठ हवा. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा स्थावर संपदा कायदा, त्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय एकूण किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्या बाबतीत ती मर्यादा ३ लाख ७८ हजार होती. पुष्कळांना वाटतं रेरा फक्त फ्लॅटसाठी आहे. तसं नाही. या कायद्यात ‘अपार्टमेंट’च्या व्याख्येत दुकान, ऑफिस, शोरूम, गोदाम हे सगळं येतं. आणि विक्री कार्पेट एरियावरच, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवरच, करावी लागते. ‘सेलेबल’, ‘सुपर बिल्टअप’ हे शब्द भाव सांगताना ऐकू आले की तिथंच थांबून भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावायला सांगा.

त्या टेपनंच आमचा गाळा उघडा पाडला. किरकोळ औषध विक्रीचा परवाना, म्हणजे फॉर्म २० आणि २१, घ्यायचा तर जागा किमान १० चौरस मीटर असावी लागते. १० चौरस मीटर म्हणजे सुमारे १०८ चौरस फूट. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करताना जागेचा नकाशा जोडावा लागतो, म्हणून नवऱ्यानं एका ड्राफ्ट्समनला तिथं नेलं. आतली जागा भरली ९६ चौरस फूट. २१० चौरस फुटांचे पैसे मोजून हातात येणार होती ती जागा परवान्यालाही पुरत नव्हती. खऱ्या मापानं हिशेब केला तर भाव पडत होता चौरस फुटाला ३९,००० च्या वर.

आम्ही विक्री कार्यालयात गेलो. तिथं उत्तर मिळालं, “मधली भिंत सरकवून देऊ.” भिंत सरकवायची तर शेजारच्या गाळ्यात सरकणार, आणि तो गाळा दुसऱ्याच कुटुंबाला विकलेला. तेव्हा मी मंजूर नकाशा मागितला. आधी ‘ऑडिटला गेलाय’, मग ‘आर्किटेक्ट बाहेरगावी आहेत’, मग फोन उचलणंच बंद.

इथं वाघोलीसारख्या गावांपुरती एक गोष्ट सांगते. ‘महापालिकेत आलोय, महापालिकेची परवानगी आहे’ असं विक्री कार्यालयातले सगळ्यांना सांगत होते. गावं महापालिकेत आली खरी, पण त्यानंतर लगेच, जुलै २०२१ मध्ये, या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नेमलं गेलं. म्हणजे त्या काळात बांधकाम परवानगीची फाइल पीएमआरडीएकडे असायला हवी होती. कुठल्या काळात परवानगी देणारं कार्यालय कोणतं होतं, हे विचारलं तरी समोरचा किती खरं बोलतोय ते कळतं. आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला, शुल्क १० रुपये, आणि नकाशाची प्रत मिळवली. मागच्या निवासी इमारती त्यात होत्या. आमच्या गाळ्यांच्या जागी पार्किंग दाखवलं होतं.

ब्रोशरवर रेराचा नंबर होता ना? होता. तोही खरा होता, पण मागच्या निवासी इमारतींचा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नंबर टाकला की प्रकल्प ‘नोंदणीकृत’ दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. तिथं थांबू नका. त्याच पानावर इमारतींची नावं, मजले, किती सदनिका, किती दुकानं, मंजूर नकाशे सगळं असतं. तुमचा गाळा त्या यादीत आहे का ते शोधा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणं बंधनकारक झालंय, त्यामुळे आता हे फोनवरही दोन मिनिटांत दिसतं.

आता त्या दुकानांबद्दल, कारण खरा सापळा तोच होता. पाडव्याच्या सुमारास, बरेच गाळे ‘बुक’ झाल्यावर, एकेक शटर बंद होऊ लागलं. आधी कपड्यांचं, मग सलून, शेवटी मिठाई. मिठाईच्या दुकानात काउंटरवर बसणारा मुलगा मला औषधं विचारायला यायचा, त्याला माझ्याबद्दल आपुलकी होती. त्यानं सगळं सांगितलं. तो रोजंदारीवर होता. माल सकाळी दुसऱ्या दुकानातून टेम्पोनं यायचा, उरलेला रात्री परत जायचा. भाडं कुणीच देत नव्हतं. गिऱ्हाईक येऊन गेलं काय आणि न आलं काय, विक्री कार्यालयाला तिथं फक्त वर्दळ हवी होती. याआधी अशाच एका संकुलात त्यानं चार महिने ज्यूसचं दुकान चालवलं होतं.

हे ऐकल्यावर आम्ही मागचे व्यवहार तपासले. मिठाईच्या दुकानात आणि ज्यूसच्या दुकानात आम्ही फोनवरून दिलेले पैसे एकाच नावावर गेले होते, आणि ते नाव होतं गाळे विकणाऱ्या एजन्सीच्या भागीदाराचं. सगळ्या दुकानांची वीज बांधकामासाठी घेतलेल्या एकाच तात्पुरत्या जोडणीवरून ओढलेली होती. एकाही दुकानाचा स्वतःचा मीटर नव्हता. मिठाईच्या दुकानात अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक कुठेच लावलेला नव्हता.

म्हणून माझं सांगणं आहे की नवीन संकुलात दुकानं चालू दिसली तर पेढा खाऊन परत येऊ नका. काहीतरी विकत घ्या, पैसे फोनवरून द्या आणि कुणाचं नाव येतं ते वाचा. दुसऱ्या दुकानात पुन्हा तेच करा. मीटर कुठे आहे ते विचारा. दुकानदाराला सरळ विचारा, “गाळा स्वतःचा की भाड्याचा?” भाड्याचा असेल तर भाडेकरार नोंदणीकृत असायलाच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं तो बंधनकारक आहे. विकत घेतलेला असेल तर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा, निघते, नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ती शोधता येते. खरा दुकानदार असा प्रश्न आला की भाड्याचा आकडा, डिपॉझिट, पाण्याचा त्रास सगळं भडाभडा सांगतो. आमच्या इथल्या काउंटरवरची मुलं प्रत्येक वेळी ‘ऑफिसमध्ये विचारा’ म्हणायची.

रुग्णालयाचा फ्लेक्स मला सगळ्यात जास्त लागला, कारण माझा पूर्ण हिशेब त्यावर उभा होता. मी त्या डॉक्टरांना जाऊन भेटले. ते थक्क झाले. त्यांनी फक्त एकदा भाडं काय आहे हे फोनवर विचारलं होतं, फोटो त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या पत्रकावरून उचलला होता. आपल्या नावाचा वापर झाला म्हणून त्यांनी आम्हाला लेखी जबाब दिला, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. ‘लवकरच येत आहे’ असा फ्लेक्स कुणाही बँकेचा, सुपरमार्केटचा, दवाखान्याचा असो, ज्याचं नाव आहे त्याला जाऊन विचारा. तिथं रुग्णालय येणार असेल तर अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आणि इमारतीचा भोगवटा दाखला, म्हणजे ती वापरायला दिलेली परवानगी, लागणार. पार्किंगच्या जागेवर ते मिळणार कुठून?

पैसे परत मागितल्यावर आधी गोड बोलणं झालं, मग ‘कॅन्सलेशन चार्ज’ म्हणून १५ टक्के कापायची भाषा, मग दमदाटी. आमच्यासारखी इतर कुटुंबं शोधणं हा आम्ही घेतलेला सगळ्यात उपयोगी निर्णय ठरला. एकेकटे गेलो होतो तेव्हा पोलीस चौकीत ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवलं गेलं. पुढं वकिलांनी मोफा, म्हणजे १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा, दाखवला. करारनामा न नोंदवता २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेणं हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. आमचे ११ लाख म्हणजे किमतीच्या जवळपास २९ टक्के. सगळ्यांच्या पावत्या, अलॉटमेंट लेटरं, माहितीच्या अधिकारातला नकाशा आणि डॉक्टरांचा जबाब एकत्र जोडून दिला, तेव्हा फसवणुकीच्या कलमासह गुन्हा नोंदवला गेला. महारेराकडेही तक्रार केली आहे. प्रकल्प नोंदणीकृत नसला तरी तिथं तक्रार करता येते, तक्रारीचं शुल्क ५,००० रुपये. व्याजासह परतावा मिळण्याचा हक्क रेरा कायद्याचं कलम १८ देतं आणि आदेश पाळला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली करता येते. ही वाट लांबची आहे. पण आमच्यातल्या ज्यांनी रोख रक्कम दिली आणि पावती घेतली नाही, त्यांना या वाटेवर पाऊल टाकणंच फार अवघड झालंय. रोख देऊ नका. चेक लिहिताना नाव वाचा: आमचे चेक प्रकल्पाच्या खात्यावर नव्हे, एजन्सीच्या नावावर घेतले होते. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती आहे, ती अशा रीतीनं सुरुवातीलाच टाळली जाते.

गुन्हा नोंदवल्यावर त्यांनी काही कुटुंबांना पुढच्या तारखांचे चेक दिले आणि ‘तक्रार मागे घ्या’ असं लिहून मागितलं. आम्ही लिहून दिलं नाही. दोघांनी दिलं, त्यांचे चेक न वटता परत आले. या संकुलातल्या आणखी कुणाकडे असे चेक असतील तर तारीख आल्याबरोबर भरा, चेक तीन महिनेच चालतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्यांना १५ दिवस असतात, आणि ते संपल्यापासून महिन्याभरात कोर्टात तक्रार दाखल व्हावी लागते. “थोडं थांबा, पुढच्या आठवड्यात देतो” असं सांगून ते नेमके हेच दिवस घालवतात.