आयफोनचा फोटो जेपीजी करायचाय: कन्व्हर्टर साइट, स्क्वूश की फोनमधलीच सोय?

बँकभरतीच्या फॉर्मवर गाडी अडते ती बहुतेक वेळा फोटोपाशी. बँकभरती घेणाऱ्या आयबीपीएसला फोटो जेपीजीच लागतो, तोही 20 ते 50 केबीत, 200 बाय 230 पिक्सेलचा. सही 10 ते 20 केबी, 140 बाय 60. इकडे आयफोन 2017 पासून, म्हणजे आयओएस 11 आल्यापासून, फोटो एचईआयसी या कमी जागा खाणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवतो. फाइलच्या नावापुढचं एचईआयसी खोडून जेपीजी लिहिलं तरी आतला माल तोच राहतो, त्यामुळे फाइल खरोखर बदलून घ्यावी लागते.

‘एचईआयसी टू जेपीजी’ शोधलं की ढीगभर फुकट साइट समोर येतात. त्यातल्या बऱ्याच साइटवर तुमची फाइल आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि तिथे बदलून परत येते. क्लाउडकन्व्हर्ट हे यातलं जुनं नाव. ते दोनशेहून जास्त प्रकारच्या फाइल घेतं, कॅमेऱ्याच्या रॉ फाइलसुद्धा. फुकटात रोजची मर्यादा आहे, पण एखादी विचित्र फाइल हातात आली तर मी तिथेच जाईन. सही, आधार, मार्कशीट मात्र अशा ठिकाणी टाकणार नाही. नाव न ऐकलेल्या साइटच्या तर वाटेलाच जाऊ नका. मार्च 2025 मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशाराच दिला होता: अशा काही साइट काम चोख करून देतात, आणि सोबत मालवेअरही देतात.

गूगलच्या क्रोम टीमचं स्क्वूश वेगळ्या जातीचं. तेही ब्राउझरमध्येच उघडतं, पण फोटो तुमच्या मशीनबाहेर जात नाही. खात्री करायची तर पान पूर्ण उघडल्यावर वाय-फाय बंद करा आणि मग फोटो टाका, काम होतं. उजवीकडे मोझजेपेग (म्हणजे जेपीजी बनवणारा पर्याय) निवडा, रिसाइज चालू करून 200 आणि 230 भरा, मग क्वालिटीचा स्लायडर सरकवत राहा. खाली केबीचा आकडा लगेच बदलताना दिसतो, आणि मधली उभी रेघ ओढली की मूळ फोटो आणि नवा फोटो शेजारी-शेजारी. चेहरा कुठे फाटायला लागला हे तिथेच कळतं. फोटो आधी त्याच प्रमाणात क्रॉप केलेला हवा, नाहीतर माणूस ताणला जातो. अडचणी दोन: एका वेळी एकच फोटो, आणि क्रोममध्ये एचईआयसी उघडत नाही.

म्हणून एचईआयसीपुरतं फोनमध्येच उरकावं. आयओएस 16 पासून फाइल्स ॲपमध्ये फोटो दाबून धरला की क्विक ॲक्शन्समध्ये कन्व्हर्ट इमेज मिळतं. मॅकवर राइट क्लिक केलं की हेच, आणि तिथे पन्नास फोटो एका झटक्यात होतात. विंडोजच्या पेंटमध्ये पीएनजीचं जेपीजी सहज होतं. एचईआयसीसाठी मात्र आधी एक्स्टेन्शन टाकत बसावं लागतं.

थोडक्यात, फॉर्म भरणाऱ्याने फोनमध्ये जेपीजी करावं आणि केबी स्क्वूशवर उतरवावेत. दुकानाचा लोगो असेल तर जेपीजीच्या फंदात पडू नका, पारदर्शक भाग पांढरा किंवा काळा होतो. तिथे पीएनजी किंवा वेबपी. आणि जेपीजीचं पुन्हा पीएनजी केल्याने गेलेली क्वालिटी परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

हा व्याप पुढे नकोच असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून टाका. नवे फोटो जेपीजीतच येतील, जागा मात्र जास्त खातील.