डांबरातलं अँटी-स्ट्रिपिंग लिक्विड: सोलापुरात घ्यावं का?

पाचपैकी साडेतीन. पाण्यापुरतं चांगलं, उन्हाला काहीच उपयोगाचं नाही.

अमाइन जातीचं, माशासारखा वास मारणारं हे लिक्विड खडी आणि डांबराची पकड वाढवतं. भेगेतून शिरलेलं पाणी डांबराचा पापुद्रा दगडावरून सोडवतं आणि परतीच्या पावसात खडी सुटी होते. अमाइनचं एक टोक दगडाला धरतं, दुसरं डांबरात मुरतं. आपल्याकडचा काळा बेसाल्ट ग्रॅनाइटइतका त्रास देत नाही. खरा घोळ मातकट डस्टचा. डांबर त्या धुळीलाच चिकटलं तर कुठलंही लिक्विड ओता, फरक पडणार नाही.

मात्रा डांबराच्या वजनाच्या ०.२ ते ०.५ टक्के. दहा टन डांबराला ०.३ टक्क्याने ३० किलो. साडेपाच टक्के डांबर धरलं तर एवढ्यात खडी-डांबराचा साधारण १८० टन माल निघतो. व्हीजी-३० प्रतीचं डांबर साधारण १५०-१६० अंशांवर असताना ओता आणि पंपाने फिरवत ठेवा, नाहीतर टँकभर सारखं मिसळत नाही. त्याच दिवशी संपवा. पाऊस आला, प्लँट थांबला आणि डांबर रात्रभर गरम टँकमध्ये राहिलं की अमाइनचा जोर ओसरतो. मग नावं ठेवली जातात लिक्विडला!

'थोडं जास्त घालू' हा मोह टाळा. जादा मात्रेने डांबर मऊ पडतं आणि मे महिन्यात सात रस्त्यासारख्या चौकात, जिथे जड गाड्या थांबून निघतात, तिथे चाकोऱ्या उमटतात. चाकोऱ्यांवर औषध म्हणजे व्हीजी-४० हे जास्त घट्ट डांबर किंवा पॉलिमर मिसळलेलं डांबर.

कॅन घेण्याआधी आपल्याच क्रशरच्या खडीवर चाचणी करा: २०० ग्रॅम खडी, १० ग्रॅम डांबर, ४० अंशांच्या पाण्यात २४ तास. निदान ९५ टक्के पृष्ठभाग काळा राहायला हवा. लिक्विडशिवायच राहत असेल तर पैसे वाचले. राहत नसेल तर हॉट मिक्ससाठी (प्लँटमध्ये गरम मिसळलेला माल) आधी खडीच्या वजनाच्या २ टक्के विरलेला चुना फिलर (बारीक भुकटी) म्हणून घालून पाहा. त्याने पकडही सुधारते आणि माल कडकही होतो. सीलकोट किंवा सरफेस ड्रेसिंगमध्ये, म्हणजे रस्त्यावर डांबर फवारून वर बारीक खडी पसरलेल्या पातळ थरात मात्र चुना घालायला जागा नसते. तिथे हे लिक्विड घ्याच.

ओतताना रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, कातडी भाजते. बॅचची तारीख खोडलेला कॅन दुकानातच परत करा.