१९६७ ची पॉन्टियाक जीटीओ: एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

या गाडीबद्दल लिहायचं म्हटलं की जो तो इंजिनापासून सुरुवात करतो. मी ब्रेकपासून करतो, कारण एप्रिलपासून ही गाडी चालवताना माझं निम्मं लक्ष तिथेच असतं. चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक आहेत. डेट्रॉइटच्या उपनगरात सिग्नल ते सिग्नल जाताना काही जाणवत नाही. पेडल मऊ, गाडी सरळ थांबते. पण हायवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगात समोरचे लाल दिवे अचानक लागले की पहिला ब्रेक व्यवस्थित लागतो, आणि लगेच तसाच दुसरा मारावा लागला तर गाडी थांबायला तयार नसते. ड्रम तापले की पकड गेलीच. १९६७ मध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळत होते, वेगळे पैसे भरून. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते पैसे वाचवले आणि बॉनेटवर बसवायच्या टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरवर, खर्च केले. माणसाची प्राथमिकता स्पष्ट होती.

हे ड्रम असे का, याचं उत्तर गाडीच्या जन्मकथेत आहे. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं. त्यांतल्या पॉन्टियाकची तर सगळी हवाच शर्यतींवर होती. त्यांचा मुख्य इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३२६ घनइंचाचं इंजिन जिथे बसतं, तिथेच मोठ्या बॉनव्हिलचं ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन बसतं. माउंटिंगसुद्धा बदलावं लागत नाही. अडचण होती कंपनीच्या नियमाची. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांच्या वर जायचं नाही, असा वरून हुकूम होता. पण नवीन मॉडेलला वरची मंजुरी लागते, ऑप्शनच्या यादीत एक ओळ वाढवायला लागत नाही! विभागाचा प्रमुख पीट एस्टिस याने मान डोलावली आणि १९६४ च्या टेम्पेस्ट लमॉन्सवर साधारण २९६ डॉलरचं जीटीओ नावाचं पॅकेज आलं. विक्री विभागाला पाच हजार गाड्याही खपतील याची खात्री नव्हती. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. तोवर वरच्यांना कळलं होतं, पण एवढा खप दिसल्यावर बंद कोण करणार? १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झालं आणि त्या वर्षी ९६,९४६ विकल्या गेल्या, हा तिचा उच्चांक.

तर अशी ही गाडी: इंजिन थोरलीचं, बाकी संसार धाकटीचा. पळवाट कागदावर काढली होती, पण ती आजही पायाखाली जाणवते. या गाडीची सगळी मजा आणि सगळा त्रास यातूनच येतो.

मी मुद्दाम १९६७ चं मॉडेल शोधलं. एकावर एक उभे हेडलाइट असलेल्या बॉडीचं हे शेवटचं वर्ष. ६८ पासून आकार गोलसर झाला आणि पुढे रबरी एन्ड्युरा बंपर आला. तोही सुंदर आहे, पण मला ही जाळीची ग्रिल हवी होती. दुसरं कारण जास्त व्यवहारी. अमेरिकेत १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला, आणि ६७ च्या गाड्यांत ब्रेकचा दोन भागांचा मास्टर सिलिंडर आला. म्हणजे एका सर्किटची लाइन फुटली तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. ६६ च्या गाडीत एक लाइन गेली की सगळंच गेलं. धडकेत दबणारा स्टेअरिंग कॉलमही ६७ चाच. ज्यांना घरच्यांना बसवून फिरायचं आहे त्यांनी या दोन गोष्टींसाठी ६७ च्या आधीचं मॉडेल घेऊ नये, असं मी सांगेन. संग्राहक ६५-६६ च्या तीन कार्ब्युरेटरवाल्या ट्राय-पॉवरसाठी जीव टाकतात. ६७ ला जनरल मोटर्सने कॉर्व्हेट वगैरे सोडून बाकीच्या गाड्यांवर एकाहून जास्त कार्ब्युरेटर बसवायला मनाई केली, त्यामुळे ट्राय-पॉवर गेलं आणि चार घशांचा एकच क्वाड्राजेट आला. इंजिन ४०० घनइंचाचं झालं. दोन गिअरचा जुना ऑटोमॅटिक जाऊन तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक आला, आणि त्यावर हर्स्ट कंपनीचा दुहेरी खाचेचा लिव्हर. डाव्या खाचेत नेहमीचा ऑटोमॅटिक. उजव्या खाचेत टाकला की एकेक गिअर स्वतः ढकलायचा. मी शहरात डावीकडे असतो. उजवीकडे जायला निमित्त लागतं, आणि ते मी शोधतो.

खरेदीच्या वेळी सर्वात जास्त वेळ गेला तो खरी-खोटी ओळखण्यात. पॉन्टियाकची त्या काळची व्ही-८ इंजिनं बाहेरून एकाच मापाची, म्हणून साध्या लमॉन्सची जीटीओ करणं फार सोपं आहे. ६४-६५ च्या गाड्यांत तर ते ऑप्शन पॅकेजच असल्याने चेसिस नंबरावरून काही कळतच नाही. मूळ बिलाची प्रत किंवा कारखान्याच्या नोंदी मागवाव्या लागतात. ६६ पासून मात्र नंबर २४२ ने सुरू होतो. माझ्या गाडीची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आहे, दार उघडलं की दिसते: २ म्हणजे पॉन्टियाक, ४२ म्हणजे जीटीओ, १७ म्हणजे हार्डटॉप, ७ हे वर्ष आणि पी म्हणजे पॉन्टियाक गावचाच कारखाना. मग इंजिनाच्या ब्लॉकवर, पुढच्या अंगाला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडच्या हेडच्या खाली, वायएस ही अक्षरं शोधली. मळ आणि निळा रंग खरवडावा लागला. वायएस म्हणजे ३३५ अश्वशक्तीचं, ऑटोमॅटिकबरोबर आलेलं इंजिन. हेडवर ६७० हा आकडाही ओतलेला सापडला, तेव्हा पैसे देताना हात थरथरला नाही.

हे ३३५ आजच्या ३३५ शी ताडून पाहू नका. तेव्हा इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या स्टँडवर ठेवून, एअर क्लीनर, सायलेन्सर, अल्टरनेटरचा भार न घेता मोजायचे. १९७२ पासून सगळं जोडून मोजायला लागले आणि आकडे एकदम घसरले. प्रत्यक्षात आमच्या घरातली चार सिलिंडरची टर्बो गाडी हिच्या फारशी मागे राहणार नाही. पण आकड्यांत न दिसणारा फरक आहे तो खालच्या फेऱ्यांत. ४४१ फूट-पौंड टॉर्क, तोही ३४०० फेऱ्यांवर. पाय नुसता टेकवला की सोळाशे किलोची गाडी नाक उचलून निघते, गिअर पाडायची गरजही पडत नाही. पाय पूर्ण दाबला की क्वाड्राजेटचे मागचे दोन मोठे घसे उघडतात आणि आवाजच बदलतो. आधी घरघर असते, मग बॉनेटखालून हवा ओढल्याचा घोगरा हुंकार येतो. त्या क्षणी बॉनेटवरच्या टॅकोमीटरचा काटा रस्त्याच्या पार्श्वभूमीवर वर सरकताना दिसतो. पावसात त्याच टॅकोमीटरची काच आतून धुरकट होते आणि मग तो शोभेपुरता उरतो.

थंड गाडी सुरू करायचा एक क्रम आहे. चावी लावायच्या आधी ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून सोडायचा. त्याने चोक बंद होतो आणि आयडल वर चढतं. मग स्टार्टर. रोजची गाडी असेल तर लगेच पेटते. पंधरवडाभर उभी असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून किंवा झिरपून गेलेलं असतं, बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. दोन मिनिटांनी पेडलला हलकी टिचकी दिली की आयडल खाली येतं. गरम गाडीचं तंत्र वेगळं: पंपावर दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटर उकळलेला असतो, तेव्हा पेडल अर्धं दाबून तसंच धरायचं, पंप अजिबात करायचं नाही. बायकोला हे दोन्ही सांगून झालंय. तिचं म्हणणं, "तू सुरू करून दे, पुढे मी नेते." आणि ती नेतेही. पॉवर स्टेअरिंग एका बोटाने फिरतं, म्हणून पार्किंगमध्ये सव्वापाच मीटरची ही लांबलचक गाडी लावणं वाटतं तितकं अवघड नाही.

इग्निशन अजून जुन्या पद्धतीचं, यांत्रिक पॉइंटचंच ठेवलंय, आणि त्याचं कारण डेल्कोचा डिस्ट्रिब्युटर. त्याच्या टोपीला बाजूला पत्र्याची छोटी खिडकी असते. ती वर सरकवायची, ॲलन की आत घालायची आणि इंजिन चालू असतानाच स्क्रू फिरवायचा. मिसफायर व्हायला लागलं की अर्धा फेरा मागे. झालं गॅप सेट. गॅरेजमध्ये उभं राहून हे करण्यात जो आनंद आहे तो लॅपटॉप जोडून कोड वाचण्यात मला कधी मिळाला नाही, आणि माझी नोकरी कोड वाचण्याचीच आहे.

आता खर्च. या इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.७५ आहे, ते शिसं घातलेल्या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. शिशाचं पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांना १९९६ पासून पूर्ण बंद आहे. मिशिगनमध्ये ९३ मिळतं, भारतातल्या मोजणीत ते साधारण ९७-९८. तरीही उन्हाळ्यात चढावर नॉकिंग ऐकू आलं, म्हणून इग्निशनचं टायमिंग थोडं मागे घेतलं. थोडी ताकद गेली, खडखड थांबली. ॲव्हरेज लिटरला साडेचार किलोमीटर, हायवेवर पाच. हायवेवर चौथा गिअर नसल्याने सत्तर मैलांवर इंजिन तीन हजारांच्या आसपास फिरत राहतं. तासाभरानंतर गप्पा मारायचा उत्साह राहत नाही. इंजिन ऑइलसुद्धा बघून घ्यावं लागतं, कारण हल्लीच्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं आणि झडपा उघडणाऱ्या जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमला ते मानवत नाही. मागच्या मेन बेअरिंगला दोरीचं सील असतं. ते गळतं. सगळ्यांचंच गळतं. खाली पुठ्ठा ठेवा.

स्पेअरची चिंता मात्र नाही. पॉन्टियाक २०१० मध्ये बंद पडली, तरी दाराच्या रबरापासून बॉनेटपर्यंत जवळजवळ सगळं नव्याने बनवलेलं मिळतं. गंज हाच खरा शत्रू. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मागच्या काचेखालची पट्टी, डिकीचा तळ, फेंडरची खालची कड ही आधी जातात. मी नोव्हेंबर ते मार्च गाडी बाहेर काढणार नाही. इथे ऐतिहासिक वाहनाची स्वस्त प्लेट मिळते, पण तिच्यावर क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं, परेड यापुरतीच गाडी चालवता येते. मोकळीक फक्त ऑगस्टमध्ये. मला दूध आणायलाही ही गाडी न्यायची होती, म्हणून साधी प्लेट घेतली.

ऑगस्टचं कारण म्हणजे वुडवर्ड अव्हेन्यू. साठच्या दशकात पोरं रात्री याच रस्त्यावर सिग्नलला शर्यती लावायची, आणि पॉन्टियाकची जाहिरात सांभाळणारा जिम वँगर्स त्यात असायचा. शेजारच्या रॉयल ओकमधला रॉयल पॉन्टियाक हा डीलर याच गाड्या ट्यून करून विकायचा. १९६४ मध्ये एका मासिकाने फेरारीच्या जीटीओशी हिची तुलना छापली आणि गाडीचं नाव झालं. पुढे वँगर्सनेच सांगून टाकलं की चाचणीच्या गाडीत ३८९ नव्हे, ४२१ घनइंचाचं इंजिन घातलं होतं. घराण्याची परंपराच म्हणायची. १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्या रस्त्यावर हजारो जुन्या गाड्या रांगेने फिरतात. बाबा सांगलीहून आले होते, त्यांना घेऊन गेलो. गाड्यांच्या गर्दीत आम्ही चालण्याच्या वेगाने सरकत होतो, तापमानाचा काटा चढत होता, एसी नाही. बाबांनी पुढची त्रिकोणी काच फिरवली, वारा तोंडावर घेतला आणि म्हणाले, "अरे, ही तर आपल्या पद्मिनीची काच! आणि तू एवढे डॉलर मोजलेस?" कुर्ल्याच्या कारखान्यातली ती पद्मिनी त्यांनी वीस वर्षं चालवली होती. मग त्यांनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, मागच्या सीटवरून पोरांनी उतरायचं कसं. दोनच दारं आहेत, पुढची सीट दुमडावी लागते. मुलीला ते आवडतं, सासूबाईंना नाही.

घ्यायची असेल तर रंग आणि क्रोमवर भुलू नका, ते पैशाने परत येतं. कॅमच्या गिअरबद्दल विचारा. कारखान्यातून तो ॲल्युमिनियमचा आणि नायलॉनच्या दातांचा यायचा, आवाज कमी व्हावा म्हणून. पन्नास-साठ वर्षांनी ते दात ठिसूळ होऊन तुटतात, तुकडे ऑइल पॅनमध्ये पडून पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइल प्रेशर जातं आणि इंजिन बसतं. तो बदलून स्टीलचा घातला आहे का, आणि तेव्हा ऑइल पॅन काढून साफ केला होता का, हे दोन प्रश्न विचारा आणि बिल दाखवायला सांगा. मालकाला प्रश्नच कळला नाही, तर गाडी कितीही चकाचक असली तरी किमतीतून इंजिन उघडण्याचा खर्च वजा करूनच बोला.