शिळे प्रश्न आणि ताजी परीक्षा: सीकेएच्या तयारीचा अनुभव
कुबरनेटिस म्हणजे अनेक संगणकांवर कंटेनर (वेगळ्या वेष्टनात बांधलेले प्रोग्राम) चालवणारी व सांभाळणारी प्रणाली. लिनक्स फाउंडेशन आणि तिच्याच छत्राखालची सीएनसीएफ (क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन) यांची सीकेए, म्हणजे कुबरनेटिस प्रशासकाची प्रमाणपत्र परीक्षा, पर्याय निवडण्याची नसून दोन तासांत टर्मिनलवर (आदेश टाइप करण्याच्या पडद्यावर) प्रत्यक्ष कामे करून दाखवण्याची आहे. उत्तीर्ण होण्यासाठी 66 टक्के गुण लागतात. कुबरनेटिसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात आणि नवी आवृत्ती आल्यावर चार ते आठ आठवड्यांत परीक्षाही तिच्यावर आणली जाते, ही मला सर्वांत आवडलेली बाब. फेब्रुवारी 2025 मध्ये तर अभ्यासक्रमच बदलला आणि हेल्म व कस्टमाइझ ही प्रोग्रामची मांडणी करणारी साधने आणि बाहेरून येणारी रहदारी वळवणारा गेटवे एपीआय त्यात आले.

तयारीसाठी मात्र मी दुसऱ्याच एका विक्रेत्याचा सराव-संच घेतला होता, ज्यावर ‘अद्ययावत’ असे ठळक लिहिलेले होते. त्यातल्या अकराव्या प्रश्नात पॉडसिक्युरिटीपॉलिसी (पॉडवर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरवर, सुरक्षेची बंधने घालणारी सुविधा) तयार करायला सांगितली होती. ती सुविधा 2022 मध्येच, 1.25 या आवृत्तीत, काढून टाकली गेली असल्याने आदेश देताच असा प्रकारच सापडत नाही, असे टर्मिनलने सुनावले, आणि मी पाऊण तास स्वतःच्या फाइलमधली चूक शोधत बसलो. तक्रार केल्यावर विक्रेत्याने प्रश्नातील आवृत्तीचा आकडा तेवढा बदलला, मजकूर तोच!

परीक्षेच्या शुल्कातच मिळणारी सिम्युलेटरची (परीक्षेसारख्या सराव-वातावरणाची) दोन सत्रे मूळ परीक्षेहून अवघड वाटली, पण कामाला तीच आली. प्रमाणपत्राची मुदत एप्रिल 2024 पासून तीनऐवजी दोन वर्षे झाली, हे खिशाला खटकते. सराव-संच घ्यायचाच असेल, तर त्यातील प्रश्न कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिले आहेत, हे आधी विचारावे.