अमेरिकन क्रूझवरील माजी सैनिकांची सवलत : पावतीवर उरते किती?

गेल्या जानेवारीत टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरातून आम्ही चौघे मेक्सिकोला जाणाऱ्या पाच रात्रींच्या क्रूझवर गेलो, ते माजी सैनिकांसाठी असलेल्या सवलतीच्या भाड्याने. सवलत माझ्या नावावर नव्हती, जावयांच्या नावावर होती. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत 28 वर्षे काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. जावयांनी अमेरिकेच्या सैन्यात 4 वर्षे नोकरी केली. फोनवरच्या बाईंना त्यांनी कौतुकाने सांगितले की, सासरेही माजी सैनिक आहेत. त्यावर बाईंनी माझे मनापासून आभार मानले, कोणत्या सैन्यात होतो ते विचारले आणि उत्तर ऐकून पुन्हा एकदा आभार मानून माझे नाव साध्या प्रवाशांत घातले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. साताऱ्याच्या लष्करी कँटीनमध्ये, म्हणजे सैनिकांच्या सवलतीच्या दुकानात, अमेरिकन सैनिकाचे कार्ड चालत नाही, तसेच तेथे माझे चालले नाही.

जावई 2010 च्या सुमारास ज्या योजनेतून भरती झाले, तिला तेथे मावनी म्हणतात. ग्रीन कार्ड नसलेल्या, पण सैन्याला उपयोगी भाषा जाणणाऱ्या किंवा डॉक्टर-परिचारिका असलेल्या परदेशी लोकांना त्या योजनेखाली घेत असत. भाषांच्या यादीत हिंदी होती, म्हणून विद्यार्थी व्हिसावर गेलेली आपली अनेक मुले तिच्यातून सैन्यात शिरली आणि सुरुवातीचे प्रशिक्षण संपते न संपते तोच नागरिक झाली. 2016 मध्ये नवी भरती थांबली. हे सांगण्याचे कारण असे की, परदेशातील मराठी घरांत आज अशी मुले, जावई आणि सुना आहेत, आणि त्यांतील पुष्कळांना आपण 'व्हेटरन' ठरतो हे ठाऊक असूनही क्रूझचे तिकीट काढताना ते विचारायचे सुचत नाही. आमच्याकडेही ते मुलीने सुचवले, जावयांनी नव्हे.

येथे एक भेद आधी समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत 'रिटायर्ड' म्हणजे साधारणतः 20 वर्षे भरून पेन्शनवर आलेला सैनिक, आणि 'व्हेटरन' म्हणजे सेवा करून सन्मानाने बाहेर पडलेला कोणीही, मग ती सेवा चारच वर्षांची का असेना. आपल्याकडे 2022 मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि कँटीनही नाही, हे मनात ठेवून पाहिले म्हणजे फरक ठळक दिसतो. क्रूझ कंपन्यांपैकी काही सर्व व्हेटरनांना धरतात, तर काही केवळ सेवेत असलेल्यांना आणि पेन्शनरांना धरतात. म्हणून जाहिरातीतील 'मिलिटरी' हा शब्द पाहून हुरळून न जाता त्याखालची बारीक अक्षरे वाचावीत.

सवलतीचे प्रकार तीन. नॉर्वेजियन आणि एमएससी या कंपन्या भाड्यावर 10 टक्के देतात. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन यांच्याकडे ठरावीक टक्केवारी नसून निवडक फेऱ्यांवर सैनिकांसाठी वेगळा दर असतो, आणि तो कधी घसघशीत तर कधी नावापुरता निघतो. प्रिन्सेस ही कंपनी भाड्यात काही कमी न करता जहाजावर खर्च करण्यासाठी माणशी 250 डॉलरपर्यंत जमा देते; या जमेला तिकडे ऑनबोर्ड क्रेडिट म्हणतात. तिन्ही प्रकारांचा हिशेब वेगळा असल्यामुळे '10 टक्के' आणि '250 डॉलर' यांची नुसती आकड्यांवरून तुलना करता येत नाही.

आमच्या पावतीचे आकडे देतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. बाल्कनीच्या एका खोलीचे दोघांचे मूळ भाडे 1,240 डॉलर होते आणि त्यावर बंदर शुल्क व कर 260 डॉलर. जुलै 2024 मध्ये कॅलिफोर्नियाचा नवा कायदा अमलात आल्यापासून मोठ्या कंपन्या अमेरिकेत सगळीकडे कर धरूनच दर दाखवतात, त्यामुळे पडद्यावर आम्हांला 1,500 हा आकडा दिसत होता. साहजिकच मी मनातल्या मनात 10 टक्क्यांचे 150 डॉलर वजा करून टाकले. प्रत्यक्षात वजा झाले 124, कारण सवलत केवळ मूळ भाड्यावर असते. बंदर शुल्क आणि सरकारी कर यांना ती लागत नाही. मेक्सिकोने 1 जुलै 2025 पासून क्रूझच्या प्रत्येक परदेशी प्रवाशावर बसवलेल्या 5 डॉलरच्या कराचीही तीच गोष्ट. नोकरवर्गाच्या टिपेलाही ती लागत नाही. ही टिप 'टिप' म्हणत असले तरी ऐच्छिक राहिलेली नाही. कंपनीनुसार माणशी दिवसाला 16 ते 20 डॉलरच्या आसपास ती आपोआप खात्यावर चढते. आमच्या खोलीचे 160 डॉलर झाले. म्हणजे 1,660 डॉलरच्या एकूण खर्चात 124 वाचले, जेमतेम साडेसात टक्के. पेये, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचा खर्च यात धरलेला नाही. तो धरला तर टक्का आणखी खाली येतो.

आपल्या कँटीनची सवय असलेल्याला हे उलटे वाटते. कँटीनमध्ये आपल्याला मिळणारा मोठा दिलासा करातला असतो, कारण तेथे जीएसटीची निम्मी रक्कम सरकार सोडून देते. येथे करातला एक सेंटही सुटत नाही आणि जे काही मिळते ते कंपनी स्वतःच्या नफ्यातून, स्वतःच्या मर्जीने देते. त्यामुळे ही सवलत म्हणजे हक्क नव्हे. ती कोणत्या फेरीवर लागू करायची आणि दुसऱ्या कोणत्या सवलतीबरोबर जोडायची नाही, हे कंपनी ठरवते.

याच शेवटच्या बाबतीत आम्ही फसलो. तिकीट आम्ही थेट कंपनीकडे न काढता एका एजन्सीमार्फत काढले. तेव्हा मूळ भाडे 1,180 डॉलर होते. एजन्सीच्या माणसाने आमच्या खोल्या 'सेल'च्या दरात घातल्या आणि सैनिकी सवलत कागदपत्रे आल्यावर आपोआप बसेल, असे ठामपणे सांगितले. ती बसणारच नव्हती, कारण त्या दराबरोबर दुसरी कोणतीही सवलत चालत नाही, असे त्याच दराच्या अटींत लिहिलेले होते. कागदपत्रे गेली, तीन दिवस उत्तर आले नाही आणि चौथ्या दिवशी 'जुने बुकिंग रद्द करून नव्याने करावे लागेल' असा निरोप आला, तोपर्यंत भाडे खोलीमागे 60 डॉलरनी चढलेले होते. 124 मधून हे 60 वजा केले तर आमच्या पदरात 64 डॉलर पडले. मुलीने तक्रारीचे सविस्तर पत्र लिहिल्यानंतर एजन्सीने प्रत्येक खोलीमागे 100 डॉलरचे ऑनबोर्ड क्रेडिट दिले, त्याची कथा पुढे येईल. एजन्सीचे नाव देत नाही. त्या माणसाने चूक कबूल केली, यापलीकडे मला काही नको. मात्र आता कोणी विचारले तर मी सांगतो की, पडताळणी आधी आणि पैसे नंतर, हा क्रम कोणाच्याही शब्दावर बदलू नये.

पडताळणीचा भाग मला सर्वांत आवडला. आपल्याकडे सेवा संपल्यावर मिळणारे जसे डिस्चार्ज बुक, तसा त्यांच्याकडे डीडी 214 नावाचा कागद असतो. भरती कधी, सुटका कधी, कोणत्या स्वरूपाची सुटका, पदके कोणती, सारे त्यावर येते. जावयांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या दाखल्याच्या मागे ठेवलेला होता. माझे डिस्चार्ज बुकही घरी बरोबर तसेच, ट्रंकेत पिशवीत गुंडाळून असते, ते आठवले. आयडी डॉट मी या ओळख पडताळणाऱ्या संकेतस्थळाच्या खात्यावर जावयांची ओळख पूर्वीच पडताळलेली असल्याने नवे काम काही मिनिटांत झाले. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. डीडी 214 वर सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे आपल्या आधारसारखा सरकारी ओळख क्रमांक, छापलेला असतो. एजन्सीला तो कागद ईमेलने पाठवण्याची वेळ आलीच, तर तो क्रमांक झाकून प्रत काढावी. आमच्याकडून पहिली प्रत तशीच गेली, आणि त्याची रुखरुख जावयांना भाड्यातल्या 60 डॉलरपेक्षा जास्त लागली. टेक्सासच्या वाहन परवान्यावर माजी सैनिकांसाठी 'व्हेटरन' हा शब्द छापून मिळतो; बंदरावर तो परवाना सोबत असला म्हणजे पुन्हा कागद दाखवावे लागत नाहीत.

खोल्यांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा निघाला. सवलत माणसाला नसून खोलीला असते आणि त्या खोलीत निदान एक पात्र प्रवासी असावा लागतो. आमच्या कंपनीत पात्र सैनिकाचा जोडीदारही पात्र धरतात. म्हणून कागदावर जावई आणि मी एका खोलीत, तर मुलगी आणि तिची आई दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी केली आणि जहाजावर चढल्यावर स्वागतकक्षात जाऊन दोन्ही खोल्यांच्या किल्ल्यांच्या जादा प्रती मागून घेतल्या. मला हे लबाडीचे वाटून मी आधी कां-कूं केले, पण स्वागतकक्षातील मुलीनेच सांगितले की, कुटुंबे असे नेहमी करतात आणि कंपनीची हरकत नसते. दोन खोल्या घेणाऱ्या मराठी कुटुंबांना, ज्यांच्याबरोबर भारतातून आलेले आई-वडील असतात, ही एक गोष्ट समजली तरी सवलत दुप्पट होते. भारतीय पासपोर्टवाल्या ज्येष्ठांना आणखी एक सोय आहे: अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. सिॲटलहून अलास्काला जाणाऱ्या जहाजांचे तसे नाही. 1886 च्या एका जुन्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते, ते बंदर बहुधा कॅनडातील व्हिक्टोरिया असते, आणि तेथे आपल्या पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा हवा. दोघांच्या त्या व्हिसाचा खर्च आणि खटाटोप पाहता सैनिकी सवलतीतून वाचलेले सगळे तेथेच जाते.

जहाजाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते सवलतीने काही वेगळे होत नाही. खोली स्वच्छ होती, जेवणात शाकाहारी भारतीय पदार्थ आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास मिळत, आणि वरणात जिऱ्याची फोडणी पाहून सौभाग्यवतींनी स्वयंपाकी कोठला याची चौकशी केली, तो निघाला मडगावचा. मेक्सिकोतील कोझुमेलच्या किनाऱ्यावरील पाणी पाहिल्यावर अरबी समुद्राची माफी मागावीशी वाटली.

भाड्याशी संबंध नसलेली, पण याच विषयातली एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. पहिल्या पूर्ण दिवशी, जहाज कोठेही थांबणार नव्हते तेव्हा, सकाळी दहाला माजी सैनिकांचा मेळावा होता. सूत्रधार एकेका दलाचे नाव घेई आणि त्या दलाचे लोक उभे राहत. 'आर्मी' म्हटल्यावर जावई उभे राहिले आणि मी बसूनच राहिलो. शेजारच्या खुर्चीत व्हिएतनाम युद्धातील सैनिकांची टोपी घातलेले एक वयस्क गृहस्थ काठीवर भार देऊन उठले होते. त्यांनी जावयांना खुणेने विचारले, जावयांनी काहीतरी सांगितले, आणि त्या गृहस्थांनी काठी डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने माझा दंड धरून मला वर ओढले. मी उठलो. सावधान उभे राहण्याची सवय निवृत्तीनंतर एकवीस वर्षांनीही मोडलेली नाही, हे मला तेव्हा कळले. या मेळाव्यासाठी कोणी पडताळणी केली नाही आणि तेथे फुकट मिळाली ती एक कॉफी आणि कागदी झेंडा.

आता ऑनबोर्ड क्रेडिटविषयी. एजन्सीने दिलेले दोन खोल्यांचे मिळून 200 डॉलर परत न मिळणारे होते, म्हणजे शेवटच्या रात्रीपर्यंत खर्च केले नाहीत तर बुडाले. आम्ही टिपेचे पैसे घरून निघण्यापूर्वीच भरून मोकळे झालो होतो, ही आमची दुसरी चूक. टिप जहाजावरील खात्यात चढू दिली असती, तर हे क्रेडिट आधी तिच्यात वळते झाले असते आणि तेवढेच रोख पैसे वाचले असते. ज्यांना सैनिकी सवलत क्रेडिटच्या रूपाने मिळते, त्यांनी टिप आगाऊ भरू नये, एवढे लक्षात ठेवले तर ते क्रेडिट रोख सवलतीइतकेच मोलाचे ठरते. तसे झाले तर मी 10 टक्क्यांपेक्षा क्रेडिट पसंत करीन, विशेषतः स्वस्त खोली घेतली असेल तेव्हा, कारण लहान भाड्याचे 10 टक्केही लहानच असतात.

केवळ या सवलतीसाठी जहाज निवडू नये, असे मी म्हणेन. ज्या फेरीवर जायचे ठरले आहे तिचा साधा दर, चालू असलेला सेल आणि सैनिकी दर, हे तीनही कर आणि टिप धरून कागदावर मांडावेत. दोनदा तपासल्यावर मला सेलच स्वस्त पडत असल्याचेही एका फेरीत आढळले. पाच ताऱ्यांपैकी सवलतीला मी साडेतीन देतो, पडताळणीच्या सोयीला पाच, आणि एजन्सीला दोन, त्यांतला एक चूक कबूल केल्याबद्दल.

शेवटच्या रात्री साडेनऊला जहाजावरील दुकानात आमच्या खात्यावर 37 डॉलर उरलेले होते आणि दुकान दहाला बंद होणार होते. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी काहीतरी घ्या ना." मी आधी नको म्हटले आणि मग निळ्या रंगाची, पुढे नांगर काढलेली एक टोपी घेतली. ती 28 डॉलरची होती. उरलेल्या 9 डॉलरमध्ये काहीच येत नव्हते, तेव्हा सौभाग्यवतींनी पुदिन्याच्या गोळ्यांचा एक डबा उचलला आणि तो 9 डॉलर 50 सेंट्सचा असल्यामुळे वरचे 50 सेंट्स जावयांच्या कार्डावर पडले.